डायसवरचं पहिलं वर्ष: नव्या न्यायाधीशानं कोर्टात कसं वागावं

ज्यांची दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) आणि न्यायदंडाधिकारी प्रथम वर्ग म्हणून निवड झाली आहे, उत्तनच्या न्यायिक अकादमीतलं प्रशिक्षण संपत आलं आहे आणि आता कुठल्या तरी तालुक्याचा हुकूम हातात पडणार आहे, त्यांच्यासाठी हे टिपण. कायदा तुम्हाला माझ्यापेक्षा ताजा येतो, परीक्षा तुम्ही नुकतीच दिली आहे. म्हणून कायदा शिकवायच्या भानगडीत पडत नाही. डायसवर बसल्यावर डोळे, आवाज, घड्याळ आणि चेंबरचं दार यांचं काय करायचं, एवढंच सांगतो.

रुजू होण्याआधी एक दिवस मागच्या बाकावर बसा

जिथे तुम्हाला कोणी ओळखत नाही असं एखादं तालुका कोर्ट निवडा. साध्या कपड्यात जा आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत शेवटच्या बाकावर बसून राहा. कुणाला सांगू नका.

पहिली गोष्ट कळेल ती म्हणजे तिथे अर्धं ऐकूच येत नाही. पुढे साहेब आणि दोन वकील आपापसात काहीतरी बोलतात, एक कागद वर जातो, एक खाली येतो, तारीख पडते. पहाटेच्या एसटीनं आलेली म्हातारी शिपायाला विचारते, "झालं का आमचं?" तिथून कायदा दिसत नाही. साहेब किती वाजता आले, कोणाकडे बघून हसले, कोणावर खेकसले, कोणाला मुदत दिली आणि कोणाला नाही, एवढंच दिसतं. आणि त्या बाकावरची माणसं तेवढ्यावरच तुमची पारख करतात. त्यांना दुसरं साधनच नाही.

माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट. खिडकीत बसलेल्या पारव्यावरून एका ज्येष्ठ वकिलांनी काहीतरी मजेशीर टिप्पणी केली आणि मी मोठ्यानं हसलो. पुढचंच प्रकरण त्यांचं होतं, बांधाच्या भांडणातला मनाई अर्ज. मी त्यांच्या बाजूनं आदेश केला. कागदांवरून तोच बरोबर होता, अपिलातही टिकला. पण हरलेला शेतकरी बाहेर शिपायाला म्हणाला, "साहेब त्यांचेच, मघाशी टाळ्या देत होते." टाळी मी दिली नव्हती. पण शेवटच्या बाकावरून हसणं आणि टाळी यांत फार अंतर दिसत नसावं.

हसूच नका असं मी म्हणत नाही. कोर्टात कधीकधी हसू येतंच, आणि दगडी चेहऱ्याचा न्यायाधीश लोकांना आणखी घाबरवतो. फक्त एका बाजूच्या वकिलाबरोबर हसू नका, आणि पक्षकाराला हसणं तर कधीच नको.

अकरा म्हणजे अकरा

उशीर होणार असेल तर शिरस्तेदारांकरवी तसं बाहेर सांगायला लावा. रिकाम्या खुर्चीकडे बघत बसणं लोकांना जमतं, पण का बघत बसलोय हे कळलेलं बरं.

आदल्या रात्री बोर्ड, म्हणजे दिवसभरातल्या प्रकरणांची यादी, वाचा. ऐंशी प्रकरणं असतील तर ऐंशी होणार नाहीत हे तुम्हालाही ठाऊक असतं आणि वकिलांनाही. ठाऊक नसतं ते फक्त पक्षकाराला. म्हणून पहिल्या वीस मिनिटांत नावं पुकारून जे होणार नाही ते सांगून टाका. "तुमचं आज होणार नाही, पुढची तारीख अमुक, तुम्ही जाऊ शकता." माझ्या सगळ्या नोकरीत लोकांनी सगळ्यात जास्त दुवा ह्या वाक्याला दिला असेल.

साक्षीदार आले असतील तर त्यांना आधी घ्या. मुदतीचा अर्ज आला की त्या साक्षीदाराकडे एकदा बघा आणि मग ठरवा. सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुब्या नकोत असं दिवाणी प्रक्रिया संहिता सांगते, आणि फौजदारीत नव्या नागरिक सुरक्षा संहितेनं ती मर्यादा दोनवर आणली आहे. व्यवहारात ती पाळताना दमछाक होते, मी खोटं बोलणार नाही. पण मुदत दिली तर कारण रोजनाम्यात, म्हणजे प्रकरणाच्या तारीखवार नोंदीत, खरं लिहा, आणि परत जाणाऱ्या साक्षीदाराच्या भत्त्याचं काय ते त्याच वेळी ठरवा. मुदत नाकारायची असेल तर शांतपणे नाकारा. आरडाओरडा करून शेवटी तारीखच देणारा न्यायाधीश आठवडाभरात बारला, म्हणजे वकिलांना, पाठ होतो.

रिमांड: इथे घाई नको

रिमांड म्हणजे पकडून आणलेल्या आरोपीला कोठडीत ठेवायचं का, हे ठरवणं. दंडाधिकारी म्हणून तुमच्या हातात सगळ्यात मोठी ताकद इथे असते, आणि सगळ्यात कमी वेळ इथेच दिला जातो. सुट्टीच्या दिवशी घरच्या अंगणातसुद्धा रिमांड घ्यावा लागेल. हातात चहाचा कप असेल तर तो खाली ठेवा.

आरोपीला समोर उभा करतात. अर्ज घेऊन तपास अधिकारी शेजारी, हवालदार त्याहून जवळ. मग सवयीनं प्रश्न येतो: "पोलिसांविरुद्ध काही तक्रार नाही ना?" तो म्हणतो, "नाही." हा प्रश्नच नव्हे. उत्तर तुम्हीच देऊन टाकलंत, त्यानं फक्त मान हलवली. पोलिसांना आरोपीपासून, ऐकू येणार नाही इतकं लांब उभं करा. मग एकेक विचारा. कधी पकडलं? का पकडलं ते तुला सांगितलं का? घरी कोणाला कळवलं? मारलं का? आणि उत्तराची वाट बघा. दोन-तीन सेकंद शांतता पडली तर ती भरून काढायला जाऊ नका. खरं उत्तर बहुधा त्या शांततेनंतर येतं. चालताना लंगडतोय का, हात वर करताना कळवळतोय का, तेही बघा आणि आदेशात लिहा.

वकील नसेल तर मोफत वकील मिळतो हे तुम्हीच सांगायचं. सर्वोच्च न्यायालयानं १९८०-८१ च्या खत्री प्रकरणात ते स्पष्ट केलं होतं. २०१२ मध्ये अजमल कसाबच्या अपिलात, फाशी कायम करतानाच, ते आणखी कडक झालं: पहिल्यांदा हजर केल्यावर वकिलाचा हक्क समजावून न सांगणारा दंडाधिकारी कर्तव्यात कसूर करतो आणि त्याच्यावर खातेनिहाय कारवाई होऊ शकते. मुंबईवर हल्ला करणाऱ्याच्या निकालात हे वाक्य आहे, हे ध्यानात ठेवा. समोरचा कितीही नकोसा वाटला तरी तुमचे प्रश्न बदलत नाहीत.

भाषेचंही बघा. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत माडिया आणि गोंडी, नंदुरबारकडे भिलीच्या बोली बोलणारी माणसं तुमच्यासमोर येतील. मराठीत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला "हो साहेब" म्हणणाऱ्या माणसाला प्रश्न कळलेलाच नसण्याची शक्यता बरीच असते. दुभाष्या शोधा, आणि कोर्टावर ड्युटीला आलेल्या शिपायाला दुभाष्या करू नका. तो पोलीस आहे.

कोठडीचा आदेश झाल्यावर मागे उभ्या असलेल्या आई-बापांना न्यायालयीन कोठडी आणि पोलीस कोठडी यांतला फरक कळत नाही. "याला पोलिसांकडे नाही, जेलमध्ये पाठवतोय, जामिनासाठी अर्ज करता येईल." एक वाक्य.

साक्ष चालू असताना

पिंजऱ्यात उभं राहणं हा बहुतेकांच्या आयुष्यातला एकुलता एक प्रसंग असतो. म्हाताऱ्याला, गरोदर बाईला बसायला स्टूल द्यायला सांगा. पाणी ठेवा. पहिला प्रश्न वकिलानं विचारण्याआधी तुम्हीच दोन शब्द बोला: प्रश्न कळला नाही तर तसं सांगा, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, घाई नाही. बारा वर्षांखालच्या मुलाला खरं बोलायचं कळतं पण शपथेचा अर्थ कळत नाही असं वाटलं तर शपथ द्यायची नसते, हे तुम्हाला माहीतच आहे. पण त्याच्याशी बोलायला डायसवरून थोडं पुढे वाकावं लागतं, ते अकादमीत कोणी सांगत नाही.

आता टंकलेखन. साक्षीदार बोलतो एक आणि तुमच्या तोंडून लघुलेखकाकडे जातं दुसरं, हा आपल्या कोर्टांचा जुना रोग. "असंल" या उत्तराचं "हे म्हणणे खरे आहे" झालेलं मी पाहिलं आहे. "असंल" म्हणजे "असेल, मला काय ठाऊक". त्या एका शब्दावर जमीन गेली असती. "माहीत नाही", "आठवत नाही" आणि "तसं झालं नाही" ही तीन वेगळी उत्तरं आहेत. शंका आली तर त्याचेच शब्द अवतरणात घाला. शेवटी जबाब वाचून दाखवा, आणि भराभरा पुटपुटत नाही, तर त्याला ऐकू जाईल असा.

उलटतपासात दोन्हीकडे तोल जातो. काही न्यायाधीश खिडकीबाहेर बघत बसतात आणि वकील साक्षीदाराचे लचके तोडतो. अश्लील, बदनामीकारक, किंवा नुसता अपमान करायला विचारलेला प्रश्न थांबवायची सोय नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १५४ आणि १५५ मध्ये आहे. ती वापरा. आवाज न चढवता "पुढचा प्रश्न घ्या" एवढं म्हटलं की बहुतेक वेळा काम होतं.

दुसरी चूक उत्साही न्यायाधीशांची. त्याच अधिनियमाच्या कलम १६८ खाली न्यायाधीशाला हवा तो प्रश्न विचारता येतो, म्हणून ते स्वतःच उलटतपास घ्यायला लागतात. १९८१ च्या राम चंदर निकालात सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही बाजू सांगितल्या आहेत: न्यायाधीशानं नुसतं नोंदी करणारं यंत्र होऊन बसू नये, पण आखाड्यातही उतरू नये, साक्षीदाराला धाकदपटशा तर करूच नये. त्या खटल्यात सत्र न्यायाधीशांनी साक्षीदारांना खोट्या साक्षीच्या खटल्याची भीती घातली होती. याहून जुनी गोष्ट इंग्लंडमधली, १९५७ सालची. खाणीत मेलेल्या कामगाराच्या विधवेचा दावा. न्यायाधीश हॅलेट यांनी मध्येमध्ये इतके प्रश्न विचारले की अपिलात दोन्ही पक्षांनी तीच तक्रार केली. लॉर्ड डेनिंग यांच्या पीठानं खटला नव्यानं चालवायला सांगितला. हॅलेट यांचा हेतू वाईट नव्हता, त्यांना सत्य शोधायचं होतं, आणि पुढे त्यांना पद सोडावं लागलं. माझा स्वतःचा नियम असा होता: दोन्ही वकिलांचं संपल्यावर, खरंच काही अंधुक राहिलं असेल तर, दोन-तीन प्रश्न. आणि त्यावर दोघांनाही पुन्हा विचारायची मुभा.

वकिलांशी

दुय्यम न्यायालयात "सर" म्हणणं पुरेसं आहे, भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांतच तसं आहे. "युवर ऑनर" न म्हटल्याबद्दल रागावलेला एक सहकारी मला आठवतो. त्याला आणखी बरेच राग होते.

ज्युनियर वकिलाला त्याच्या पक्षकारासमोर कधीही झाडू नका. त्याची फी, गावातली इज्जत, घरचं भाडं सगळं त्या अर्ध्या मिनिटावर टांगलेलं असतं. अर्ज चुकीचा असेल तर "दुरुस्त करून आणा, जेवणाच्या सुट्टीनंतर घेतो." ज्येष्ठ वकिलाला जितका वेळ युक्तिवादाला दिलात तितकाच ज्युनियरलाही द्या. घड्याळ मागच्या बाकावरूनही दिसतं.

वाद चढला तर? समोर कोणी अपमान केला तर त्याच दिवशी, कोर्ट उठण्याआधी, म्हणणं मांडायची संधी देऊन एक हजार रुपयांपर्यंत दंड करायचा अधिकार नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३८४ मध्ये आहे. त्याहून गंभीर असेल तर १९७१ च्या अवमान कायद्याखाली उच्च न्यायालयाकडे संदर्भ पाठवता येतो. दोन्ही हत्यारं खरी आहेत. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षात ती म्यानातच राहू द्या. "दहा मिनिटांनी बसतो" म्हणा, उठा, चेंबरमध्ये जा, पाणी प्या. परत याल तेव्हा निम्म्या वेळा समोरचा स्वतःच दिलगिरी व्यक्त करतो. सनद घालवण्याची धमकी मात्र कधीच नको. ते तुमच्या हातात नाही आणि त्यालाही ते ठाऊक असतं.

बाईचं प्रकरण आणि डायसवरचा उपदेश

कौटुंबिक हिंसाचार, पोटगी, विनयभंग, हे सगळं तुमच्याकडे येणार. "मुलांकडे बघून जुळवून घ्या ना" हे वाक्य चांगल्या मनानं तोंडातून निसटतं. निसटू देऊ नका. विनयभंगाच्या आरोपीला जामीन देताना पीडितेकडून राखी बांधून घ्यायची अट मध्य प्रदेशात घातली गेली होती. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२१ मध्ये, अपर्णा भट प्रकरणात, ती रद्द केली आणि तडजोड सुचवणं, लग्न सुचवणं, बाईच्या कपड्यांवर किंवा वागण्यावर बोलणं हे सगळं न्यायाधीशांनी टाळावं असं लिहून ठेवलं. कायद्यानं चालत असेल तिथे मध्यस्थी केंद्राकडे जरूर पाठवा. तिथे शिकलेली माणसं आहेत. डायसवरून समुपदेशन होत नाही, दबाव मात्र होतो.

सहज मारलेला शेरा आता कोर्टातच राहत नाही, हेही आहेच. २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयातल्या थेट प्रक्षेपणातले काही शेरे देशभर फिरले आणि सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली.

चेंबरचं दार

इंग्लंडमध्ये ससेक्सला एका मोटारसायकल अपघाताचा खटला होता. दंडाधिकारी विचार करायला आत गेले, त्यांच्याबरोबर कारकूनही गेला. तो कारकून ज्या वकिली पेढीतला, तीच पेढी अपघातग्रस्ताची भरपाई मागत होती. दंडाधिकाऱ्यांनी शपथेवर सांगितलं की आम्ही त्याला काही विचारलं नाही, त्यानंही तोंड उघडलं नाही. तरीही १९२३ मध्ये लॉर्ड ह्यूअर्ट यांनी शिक्षा रद्द केली. न्याय झालेला दिसलाही पाहिजे, हे घासून गुळगुळीत झालेलं वाक्य तिथलं आहे. निरोप समारंभांत ते रामशास्त्र्यांच्या पाठोपाठ येतं. ते आलं कुठून तर एका बंद दारातून, हे सहसा कोणी सांगत नाही.

तेव्हा दार उघडं ठेवा. एका बाजूचा वकील प्रकरणाबद्दल बोलायला आत आला तर दुसऱ्यालाही बोलवा, नाहीतर दोघांनाही बाहेर. पोलीस निरीक्षक सौजन्य भेटीला येतात, चहा घेतात. त्याच वेळी व्हरांड्यात त्यांच्याच गुन्ह्यातल्या आरोपीची बायको उभी असते. वेळ ठरवा, कोर्टाच्या वेळेबाहेर, आणि दोन मिनिटांत संपवा. मे महिन्यात आंब्याची पेटी येईल. परत पाठवताना शिपायाला मोठ्यानं सांगा, म्हणजे पुढच्या वर्षी येत नाही.

पक्षकार नात्यातला, ओळखीचा, वर्गमित्राचा भाऊ निघाला तर पहिल्याच तारखेला खुल्या कोर्टात दोन्ही बाजूंना सांगा, रोजनाम्यात लिहा आणि प्रकरण दुसरीकडे वर्ग करण्यासाठी जिल्हा न्यायाधीशांना कळवा. अर्ध्यात कळलं असं नंतर सांगणं फार जड जातं.

निकाल सांगताना

दिवाणी निकालाला युक्तिवाद संपल्यापासून तीस दिवस, अडचण असेल तर साठ. फौजदारीत पंचेचाळीस. निकाल खुल्या कोर्टात, आणि शेवटचा भाग साध्या मराठीत. १९९८ पासून आपल्या कोर्टांची भाषा मराठीच आहे. "दावा खर्चासह नामंजूर" याचा अर्थ हरलेल्या माणसाला बाहेर गेल्यावर वकिलाकडून कळावा, हे बरं नव्हे. अपील करता येतं, हेही सांगा.

शिक्षा सुनावताना भाषण करू नका. २२ जुलै १९०८ ला न्यायमूर्ती दावर यांनी टिळकांना सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा देताना त्यांच्या मनाला रोगट आणि विकृत म्हटलं. हेच दावर १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिले होते. आज मुंबई उच्च न्यायालयात त्या दालनाबाहेर संगमरवरी फलक आहे, १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागलांनी त्याचं अनावरण केलं. त्यावर शब्द आहेत ते आरोपीचे.

जो कोर्टापुढे नाही त्याच्याबद्दल कडक शब्द लिहिण्याआधी, उत्तर प्रदेश सरकार विरुद्ध मोहम्मद नईम या जुन्या निकालातले प्रश्न स्वतःला विचारा. त्याला म्हणणं मांडायची संधी मिळाली का? पुरावा आहे का? आणि निकालाला त्या शेऱ्याची गरज आहे का? तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक शेरे गळून पडतात.

उठण्याआधी

संध्याकाळी बोर्ड संपला की लगेच उठू नका. मागच्या बाकावर कोणी उरलंय का ते बघा आणि विचारा, "कोणाचं राहिलंय का?" कोणाचं नाव पुकारलं तेव्हा तो पाणी प्यायला गेलेला असतो. कोणी समन्स हातात धरून शेजारच्या कोर्टाऐवजी तुमच्याकडे बसलेला असतो. एकदा एक आजोबा सकाळपासून बसून होते. कागद बघितला तर त्यांचं फेरफाराचं प्रकरण तहसीलदारांकडे होतं, आवाराच्या पलीकडच्या इमारतीत. पाच वाजून गेले होते. शिपायाला त्यांच्याबरोबर पाठवलं, पुढची तारीख लिहून आणायला.